मामा, गाडा मीच आणला

मामा, परवा घोडेगावला तुमचा दहावा झाला आणि काल दुपारी आम्ही दोघं संगमनेरला परत आलो. फाटक उघडल्यावर मी सवयीनं खाली बघून पाऊल टाकलं. गेले चौदा महिने फाटकाच्या आत मातीचा ढीग असायचा. त्याला वळसा घालूनच घरात शिरायचं, हे पायांना पाठ झालं होतं. काल तिथं नुसती फरशी होती आणि मी त्या मोकळ्या फरशीलाही वळसा घातला. सुनंदानं ते पाहिलं.

जावयानं सासऱ्याला असं काही लिहायची आपल्याकडे रीत नाही. सासरा-जावयाचं बोलणं म्हणजे पाऊसपाणी, तब्येत, 'गाडी मिळाली का' आणि 'जेवण झालं का'. आपलंही त्यापलीकडे फारसं गेलं नव्हतं. जे काही गेलं ते एका गाड्यापायी. बागेत माती वाहायला कोणता गाडा घ्यावा, यावर आपण दोघांनी जवळजवळ वर्षभर वाद घातला. भाऊ-भाऊ बांधावरून घालतात तसा, दर आठवड्याला नव्यानं.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. कशामुळे काय झालं, हे पोरांना समजावून सांगण्याचाच मला पगार मिळतो. आणि मला स्वतःला एक साधी गोष्ट कळत नाहीये. तुम्ही माझ्या घरातून गेलात ते त्या गाड्यामुळे गेलात का? घरातून घोडेगावला गेलात, एवढंच म्हणतोय मी. त्याच्या पुढचं विचारायचा अजून धीर होत नाही.

तुम्ही आलात मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. महिनाभर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तुम्ही व्हरांड्यातल्या खुर्चीत काळा चष्मा लावून बसायचात आणि रोज सकाळी सुनंदाला विचारायचात, "नंदे, आज कितवा दिस?" शिक्षा भोगणारा माणूस विचारतो तसं. खरं तर तुम्ही इथंच राहायला काय हरकत होती? लेक एकुलती एक. मामींना जाऊन सहा वर्षं झालेली. बैल विकून झाले होते, जमीन पुतण्याला वाट्यानं दिलेली होती. पण तुमच्या लेखी लेकीच्या घरी बाप हा पाहुणाच, आणि पाहुण्याचा नियम तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात ऐकवला होता. "एक दिस पाव्हना, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. माझी तर पार गेली म्हना पाव्हनं." मी हसलो होतो. मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

एकतिसाव्या दिवशी तुमची पिशवी भरून तयार होती. त्याच दिवशी ट्रॅक्टरवाला पाझर तलावातल्या गाळाची ट्रॉली घेऊन आला. मागच्या अंगणात सुनंदाला झाडं लावायची होती आणि आमची जागा सगळी मुरमाड. ट्रॅक्टर मागं जाऊच शकत नाही. घराच्या कडेनं तीन फुटांचा बोळ, बोळात गटाराच्या चेंबरचं वर आलेलं झाकण आणि शेवटी एक पायरी. त्यानं फाटकाच्या आत ट्रॉली रिकामी केली आणि तो गेला. तुम्ही ढिगाकडं पाहिलं, मग माझ्या पांढऱ्या शर्टाकडं पाहिलं.

"ह्ये आत कोन टाकनार?"

"मजूर बघू, दादा," सुनंदा म्हणाली.

"मजूर कशाला? मी काय मेलोय का? येवढी माती आत टाकतो नि जातो."

पिशवी परत खुंटीला गेली. मग ती चौदा महिने तिथंच राहिली. गाळ संपत आला की शेणखत यायचं. शेणखत संपत आलं की वाफ्यांच्या कडेला लावायला विटा, मग वाळू, मग पुन्हा गाळ. मी वैतागायचो. "तुला बाग करायचीय की धरणाची भिंत बांधायचीय?" असं एकदा सुनंदाला म्हणालोसुद्धा. ती म्हणाली, "मुरमाड जागा आहे, माती लागतेच." आणि तुम्ही प्रत्येक ढिगापुढं उभं राहून तेच म्हणायचात, "येवढं झालं की जातो."

तुमची पद्धत ठरलेली. उजाडल्यावर चहा, मग डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं. पंधरा घमेली मागं गेल्याशिवाय तुम्ही भाकरीला हात लावायचा नाहीत. घमेलं कधी शिगोशीग भरलं नाहीत. "भरलेलं घमेलं एकदाच जातं, अर्धं घमेलं दिवसभर जातं," हे तुम्ही मला दहादा सांगितलं असेल. पाऊस लागून राहिला आणि माती वाहता आली नाही, तर त्या दिवशी तुम्ही अर्धीच भाकरी खायचात. मला वाटायचं, बसून अन्न पचत नसेल. मी तुम्हाला ओव्याचा अर्क आणून दिला होता. आता आठवलं की स्वतःच्या अकलेची कीव येते.

तुमचं वय शहात्तर. संध्याकाळी तुम्ही मान एका हातानं दाबून धरायचात आणि कुणी पाहिलं की तोच हात डोक्यावरून फिरवल्यासारखा करायचात. मला ते दिसत होतं. तरी गाडा घ्यायचा विचार माझ्या डोक्यात तुमच्या मानेमुळे आला नाही, हे आज कबूल करतो. समोरच्या बंगल्यातले गृहस्थ एक दिवस फाटकापाशी थांबून म्हणाले, "काय सर, सासऱ्यालाच हमाल केलंत की!" ते हसले, मीही हसलो आणि घरात येऊन सुनंदावर ओरडलो. तुमच्या मानेपेक्षा मला त्या एका वाक्याची जास्त लाज वाटली होती.

त्याच रात्री जेवताना मी म्हणालो, "मामा, आपण एक ढकलगाडा घेऊ. बोळातून जाईल असा."

तुम्ही घास थांबवलात. मग म्हणालात, "घेऊ की. पन बघून घेऊ."

बघून घेऊ. घोडेगावच्या बाजारात अख्ख्या पंचक्रोशीचे बैल तुम्ही निवडून दिलेले. लोक तुम्हाला घरून बोलवून न्यायचे. तुम्ही दात बघायचात, खूर बघायचात, खांद्यावरून हात फिरवायचात, दगडगोट्यातून चालवून बघायचात आणि मग भावासाठी रुमालाखाली व्यापाऱ्याच्या बोटांशी बोलायचात. पहिल्या बाजारात बैल घेणारा माणूस एकतर घाईत असतो नाहीतर येडा असतो, हे तुमचं तत्त्व. हे सगळं मला माहीत होतं, म्हणून गाडा निवडायला तुम्ही वेळ लावलात त्याचं मला नवल वाटलं नाही. उलट मजा वाटली. शाळेत मी तुमचे किस्से रंगवून सांगायचो.

पहिल्यांदा आपण बाजारपेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. बांधकामावर असते तशी एकचाकी गाडी होती. तुम्ही दुकानदाराला म्हणालात, "शिमीटाची गोनी टाका हिच्यात." बिचाऱ्यानं टाकली. तुम्ही ती दुकानासमोरच्या रस्त्यावर चालवली, खड्ड्यातून नेली, वळवली, परत आणली.

"लंगडतीय," तुम्ही म्हणालात.

"मामा, एकच चाक आहे. लंगडेल कशी?"

"म्हनूनच म्हनतो. सगळा तोल मानसाच्या मनगटावर. मनगट थकलं की ही पालथी."

घरी आल्यावर मी वर्तमानपत्राच्या कडेला चित्र काढलं. टेकू, भार, बल. एकचाकी ही दुसऱ्या प्रकारची तरफ असते, भार मधे असतो, त्यामुळे कमी बळात जास्त वजन उचलता येतं, बोळातून सरळ जाते, वळायला जागा लागत नाही. तुम्ही चष्मा लावून ते सगळं नीट पाहिलंत, बोट फिरवून पाहिलंत. मग म्हणालात, "तुमची तरफ कागदावर लई झ्याक वढती. चेंबरच्या झाकनावर आणा तिला."

नंतर नाशिक रस्त्यावरच्या नर्सरीत चार चाकांची जाळीची गाडी पाहिली. ती तुम्हाला आवडली होती, मामा. मी तुमचा चेहरा पाहिला होता. तुम्ही तिचा दांडा हातात घेऊन पाच-सात पावलं गेलात, मागं वळून चाकांकडं पाहिलंत आणि दांडा हळूच खाली ठेवलात. "वळायला घर पाडावं लागंल," म्हणालात. मग मी मोबाईलवर एक शोधली, प्लॅस्टिकच्या ट्रेची. लोकांनी भरपूर तारे दिले होते. तुम्ही फोटो पाहून विचारलंत, "ह्यात कापडं धुत्यात का?" मग फॅब्रिकेशनवाल्याकडं गेलो. म्हटलं, बनवूनच घेऊ. तुम्ही त्याच्या फरशीवर खडूनं गाडा काढलात. आस मधोमध नको, जरा पुढं हवा. भार आसाच्या पुढं गेला की गाडा उलाळ होतो, म्हणजे दांड्यासकट माणूस वर उचलला जातो. उतारावर तर तोंडावरच पडतो. तो म्हणाला, करून देतो. पुढच्या आठवड्यात तुम्ही जाऊन दांड्याची उंची बदललीत. त्याच्या पुढच्या आठवड्यात चाकं. चौथ्या खेपेला तो वैतागून म्हणाला, "बाबा, एकदा काय ते ठरवा की." तुम्ही म्हणालात, "ठरिवतो. घाई कशाला करता?"

मीही चिडलो त्या दिवशी. रिक्षात बसल्यावर म्हणालो, "मामा, बैल घ्यायला तरी एवढा वेळ लावायचात का?"

"बैलाला तोंड असतंय. चुकीचा घेतला तर तो सांगतो. ह्याला कुठं तोंड हाय?"

मी रिक्षावाल्याला घराकडं घ्यायला सांगितलं.

तुम्ही मला निवडलंत तेव्हाही असाच वेळ लावला होता, हे मला लग्नानंतर दहा वर्षांनी कळलं. मामींनी सांगितलं. मुलगी बघायला आम्ही घोडेगावला आलो तो तुमचा दुसरा बाजार होता. त्याआधी तुम्ही माझ्या शाळेत येऊन गेला होतात, कुणा विद्यार्थ्याचे पालक असल्याचं सांगून, आणि वर्गाच्या खिडकीशी उभं राहून मी पोरांना मारतो का ते पाहिलं होतं. तिसऱ्यांदा तुम्ही मला शेत दाखवायला नेलंत. मी आपला शहाण्यासारखा पिकाबद्दल विचारत होतो. तुमचं लक्ष माझ्या बोलण्याकडं नव्हतंच. तुम्ही माझे पाय बघत होतात. मी उभ्या हरभऱ्यातून तिरका न जाता बांधावरून लांबून आलो, एवढ्यावर मी पास झालो. मामी हे सांगून पोट धरून हसल्या होत्या. तुम्ही नुसते म्हणालात, "चाल बघितल्याबिगर कसं घ्यायचं?"

तेवीस वर्षं तुम्ही मला एकदाही कमी-जास्त बोलला नाहीत. माझ्या वडिलांच्या आजारपणात न सांगता येऊन त्यांच्या उशाशी आठ दिवस बसलात. मी स्कूटरवरून पडलो आणि माझा पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा घोडेगावहून डाळिंबं घेऊन आलात आणि त्याच संध्याकाळच्या गाडीनं परत गेलात, कारण लेकीच्या घरी मुक्काम नको. या सगळ्याबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हणालो नाही. आपल्यात तसं म्हणायची पद्धतच नव्हती ना. आज म्हणतो. मामा, तुमचे उपकार आहेत माझ्यावर. आणि एवढं पारखून घेतलेल्या माणसानं शेवटी तुमच्याशी काय केलं, ते पुढं सांगतो.

मी हट्टाला पेटलो. तुम्ही वर्षभर ज्या-ज्या कारणानं गाडे नाकारलेत, त्या सगळ्या कारणांची मी वहीत यादी केली आणि ती उलटी केली. चाकं दोन. मोठी, म्हणजे चेंबरचं झाकण ओलांडतील. टायर भरीव रबराचे, कारण आजूबाजूच्या रिकाम्या प्लॉटवर सगळ्या वेड्या बाभळी आणि ट्यूबची दर आठवड्याला चाळण झाली असती. पत्रा जाड. आस जरासा पुढं. दांडा कोपराच्या उंचीला. रुंदी अडीच फूट. पंधरा दिवस मी शोधत होतो. शेवटी नगरच्या एका शेती-अवजारांच्या दुकानात तसा गाडा मिळाला. तुम्ही आणि सुनंदा डोळे दाखवायला दवाखान्यात गेला होतात त्या सकाळी तो टेम्पोतून आला. मी शाळेला अर्धी रजा टाकली आणि हॉलमध्ये बसून पाना घेऊन तो जोडला. एक नटसुद्धा उरला नाही. दोन वेळा मोजून पाहिलं.

तुम्ही आलात. पाय धुतलेत. गाडा पाहिलात.

मग तुम्ही जे केलंत ते मी जन्मभर विसरणार नाही. तुम्ही त्याच्याभोवती एक फेरी मारली. दांडे उचलून अंदाज घेतलात. पत्र्यावर बोटाच्या पेरांनी वाजवून पाहिलंत. मोकळा उतारावरून सोडून दिलात आणि तो सरळ जातो का ते वाकून बघितलंत. सहा घमेली माती भरलीत, बोळात नेलात, झाकणावरून नेलात, पायरीवर उलटा फिरवून ओढलात. मी तुमच्या मागं मागं. तुम्ही घाम पुसलात आणि माझ्याकडं वळलात.

"उलाळ न्हाई. तोंडावर पडत न्हाई. पाव्हनं, जनावर नंबरी निवडलंत."

मामा, मला आदर्श शिक्षकाचा पुरस्कार मिळाला असता तरी एवढा आनंद झाला नसता. मी दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांना पेढे द्यायचेच बाकी ठेवले होते. एका वर्षात पहिल्यांदा तुम्हाला नाव ठेवायला जागा सापडली नव्हती. मी ती ठेवलीच नव्हती.

घमेल्यांनी जो ढीग तीन आठवडे पुरला असता, तो तुम्ही दीड दिवसात आत टाकलात. मी शाळेतून आलो तर फाटकाच्या आतली फरशी खराट्यानं झाडून, पाण्यानं धुऊन स्वच्छ. गाडाही धुतलेला, भिंतीला टेकवून उभा, दांडे वर. तुम्ही हातपाय धुऊन, टोपी घालून खुर्चीत बसला होतात आणि खुंटीवरची पिशवी तुमच्या मांडीवर होती.

"काम उरकलं. येतो पाव्हनं."

सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला वाटलं असणार, मी काहीतरी बोलेन. आणि मी बोललो, मामा. मला वाटलं मी चांगलंच बोलतोय. मी म्हणालो, "अहो, राहा की! आता तर काही कामच नाही. आता नुसता आराम करा."

तुम्ही हसलात. "व्हय," म्हणालात, "आता काय कामच न्हाई."

मी तुम्हाला स्टँडवर सोडलं. नगरची गाडी लागलेली होती. खिडकीतून तुम्ही म्हणालात, "गाडा पावसात ठिवू नका. आसाला तेल देत जावा." मी म्हणालो, पोचल्यावर फोन करा. तुम्ही केलात, सुनंदाला, एका शब्दाचा. "पोचलो." आणि मी त्या संध्याकाळी हुश्श केलं, हेही सांगतो. आता समोरचे गृहस्थ काही बोलणार नव्हते.

बाराव्या दिवशी सकाळी तुमच्या पुतण्याचा फोन आला. ओट्यावर चहा घेतला, कप खाली ठेवला आणि भिंतीला टेकलात. एवढंच तो सांगू शकला. दवाखान्यात न्यायलाही सवड मिळाली नाही.

त्या क्षणापासून मी एकच वाक्य मनात तयार करत होतो. आपल्याकडे दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही की लोक हात जोडून म्हणतात, अमुक करू, तमुक करू, काळजी करू नका. मला खात्री होती, कावळा शिवणार नाही. मला वाटत होतं, सगळे पुतण्याकडं बघतील, जमिनीचं बोलतील, सुनंदाकडं बघतील. आणि मग मी पुढं होईन. "मामा, तो गाडा देऊन टाकतो. घमेल्यांनीच माती वाहू. तुम्ही परत या," असं काहीतरी येड्यासारखं, पण चारचौघांत मोठ्यानं म्हणेन. मी तसं म्हणायला खरंच तयार होतो. हात जोडलेलेही होते.

पिंड ठेवून माणसं पुरती मागं सरकली नव्हती, तोवर कावळा आला आणि शिवून गेला. "सुटला म्हातारा," लोक म्हणाले. "मनात काई सुदीक ठेवलं न्हाई." सगळ्यांना बरं वाटलं. मी तसाच हात जोडून उभा. आयुष्यभर तुम्ही कुणाला ताटकळत ठेवलं नाहीत, ते तिथंही ठेवलं नाहीत. मला मात्र वाटलं, पाच मिनिटं थांबला असतात तर काय बिघडलं असतं?

काल संध्याकाळी ट्रॅक्टरवाल्याचा फोन आला. त्याला काही माहीत नव्हतं. सुनंदाचा फोन लागत नव्हता म्हणून त्यानं मला केला.

"सर, लई दिस झालं, ताईंचा फोन न्हाई. ट्रॉली टाकू का?"

"कसली ट्रॉली?"

"गाळाची. ताईंनी सांगून ठिवलंय ना. ढीग गुडघ्याएवढा झाला की त्या फोन करत्यात, मग दुसऱ्या दिवशी मी आनून टाकायची. बाबांना सांगायचं, तलावातून काढलेला हाय, टाकायला जागा न्हाई, म्हनून आनला. त्यांना कळू द्यायचं न्हाई म्हनून."

"सांगतो," म्हणून मी फोन ठेवला. तुमची लेक चौदा महिने तुम्हाला कामाला लावत होती, कारण काम असेपर्यंत तुम्ही पाहुणे नव्हतात. भाकरी तुमच्या हक्काची होती. एवढी साधी गोष्ट तिला दिसत होती, तुम्हाला दिसत होती, बहुतेक त्या ट्रॅक्टरवाल्यालाही दिसत होती. आणि मी घरात बसून तरफेची चित्रं काढत होतो. तुम्ही वर्षभर गाडा नाकारत होतात, ते बघून मी हसत होतो.

आत गेलो. सुनंदा ओट्याशी उभी होती, गॅस बंद, हातात काही नाही.

"ट्रॉल्या तू मागवत होतीस?"

"हं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही दादांना समजवायला गेला असतात. बाप आणि पाहुणा वगैरे. मग ते दुसऱ्या दिवशी उठून गेले असते."

खरं आहे. मी समजवायला गेलोच असतो, आणि मुद्दे काढून गेलो असतो.

मग मी तिला सगळं सांगितलं. गाडा मी आणला. तुला न विचारता आणला. त्यांना राहायला कारण उरू दिलं नाही. वर म्हणालो, काही काम नाही. त्यांना मीच घालवलं, सुनंदा. मला वाटलं ती चिडेल, रडेल, काहीतरी बोलेल. मला तेच हवं होतं, मामा. कुणीतरी मला बोलायला हवं आहे.

पण ती माझं ऐकतच नव्हती. ती स्वतःच्या हातांकडं बघत होती.

"अकरा ट्रॉल्या झाल्या," ती म्हणाली. "शहात्तर वर्षांच्या माणसाच्या डोक्यावर मी अकरा ट्रॉल्या माती दिली. मान दाबून धरायचे, ते मला दिसत होतं. तरी मी दुसऱ्या दिवशी फोन करायचे. जाऊ नयेत म्हणून. त्या ओझ्यानंच गेले का हो दादा?"

"नाही," मी लगेच म्हणालो. वर्गात म्हणतो तसं, ठाम.

तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"तुम्हाला काय माहीत?"

आणि मामा, मला खरंच माहीत नाही.